पहाटेचं पाणीही मोजा: नागपूरच्या नद्या-तलावांसाठी एक खुले पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातील नद्या-तलावांच्या पाण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे, ते सर्व अधिकारी

महोदय, महोदया,
सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की, आमच्या गटाने केलेल्या अर्जाला तुमच्यापैकी एका कार्यालयाचं उत्तर नुकतंच हाती आलं. आम्ही फार काही मागितलं नव्हतं. तलावांवर आणि नाग नदीवर आम्ही जी मोजणी करतो ती तुम्ही पाहावी, तुमच्या मोजणीशी ताडावी आणि दोन्ही लोकांसमोर ठेवावी, एवढंच. उत्तर एका परिच्छेदाचं आहे. नागरिकांनी केलेली तपासणी ग्राह्य धरता येत नाही आणि कार्यालयाची तपासणी नियमानुसार सुरू आहे, असा त्याचा मथितार्थ. नियमानुसार म्हणजे कुठे, किती वाजता, वर्षातून किती वेळा आणि त्यातून काय निघालं, याबद्दल एक ओळही नाही.

त्या कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही, कारण प्रश्न एका टेबलाचा नाही. तलाव एका खात्याचा, त्यात येणारा नाला दुसऱ्याचा, मासेमारीचा ठेका तिसऱ्याचा आणि शहराची हद्द संपली की नदी चौथ्याची. प्रत्येक खात्याने आजवर आम्हाला दुसऱ्या खात्याचा पत्ता दिला आहे. म्हणून हे पत्र सगळ्यांना एकदमच आणि उघड लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. घर पूर्व नागपुरात, नाग नदीपासून हाकेच्या अंतरावर. उन्हाळ्यात वारा फिरला की आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्या लागतात. माहेर कुही तालुक्यात, म्हणजे नदीच्या खालच्या अंगाला. नाग नदी शहराच्या पूर्वेला पिवळी नदीला सोबत घेते, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि शहराने सोडलेलं सगळं गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जातं. माझा भाऊ त्या पट्ट्यात धान आणि भाजीपाला घेतो. नदीचं पाणी वांग्याला, पालकाला दिलं तर चालेल का, असं तो मला विचारतो. मी रसायनशास्त्राची शिक्षिका आहे, पण त्याला हो किंवा नाही सांगू शकत नाही. त्यासाठी लागणारे आकडे त्याच्या गावापर्यंत कधी पोचलेलेच नाहीत.

आमचा गट म्हणजे काही विद्यार्थी, दोन-तीन शिक्षक, तलावांवर रोज फिरायला येणारी मंडळी आणि पिढ्यानपिढ्या मासेमारी करणारी काही ढिवर कुटुंबं. साहित्य साधं. स्टीलच्या ताटलीला काळा-पांढरा रंग देऊन, दोरीला गाठी मारून पोरांनी सेक्ची तबकडी केली आहे. ती पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की गाठी मोजायच्या, पाण्याचा गढूळपणा कळतो. एक थर्मामीटर आहे, सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क) मोजण्याचं छोटं यंत्र आहे आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजायला विंक्लरची पद्धत, जी बारावीनंतर कुठल्याही प्रयोगशाळेत शिकवतात. वापरलेली रसायनं कॅनमध्ये भरून आम्ही परत आणतो, काठावर एक थेंब सांडू देत नाही.

विंक्लरच्या पद्धतीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण वाचणाऱ्या सगळ्यांनी हे एकदा डोळ्यांनी पाहावं असं मला वाटतं. काचेची बाटली पाण्याखालीच भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. मग पिपेट बाटलीच्या तळाकडे नेऊन मँगेनीज सल्फेट सोडायचं आणि त्यामागून अल्कधर्मी आयोडाइड. झाकण लावून बाटली उलटसुलट केली की क्षणात आत गाळ तयार होतो. पाण्यात ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी होतो, जितका ऑक्सिजन जास्त तितका रंग गडद. पावसाळ्यानंतर फुटाळा तलावाच्या पाण्याने बाटली भरली तेव्हा असा सुरेख तपकिरी गाळ खाली बसला की पोरांनी टाळ्या वाजवल्या. उन्हाळ्यात जगनाडे चौकाजवळ पुलाखालचं नाग नदीचं पाणी घेतलं तेव्हा गाळ पांढराच राहिला. पुन्हा बाटली भरली, पुन्हा पांढरा. एका विद्यार्थिनीने विचारलं, मॅडम, रसायनं खराब झाली का? रसायनं उत्तम होती. त्या पाण्यात ऑक्सिजनच नव्हता. ज्या नदीवरून या शहराला नाव मिळालं, तिच्यात श्वास घेण्याजोगं काही उरलं नव्हतं. सतरा वर्षांच्या त्या मुलीला हे बाटलीत दिसलं, ते कुठल्याही अहवालाने दाखवलं नव्हतं.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार वेळेची आहे. पाण्याचे सरकारी नमुने कार्यालयीन वेळेत घेतले जातात. गाडी निघते, काठावर पोचते, नमुना होतो, दुपारपर्यंत बाटल्या प्रयोगशाळेत. पण ज्या तलावात सांडपाणी येतं आणि शेवाळ माजतं, त्याचं पाणी दिवसा एक असतं आणि रात्री दुसरं. दिवसा उन्हात शेवाळ ऑक्सिजन तयार करतं, दुपारी तो भरपूर दिसतो, कधी पाण्यात सामान्यपणे मावतो त्याहूनही जास्त. सूर्य मावळला की तेच शेवाळ आणि तळाचा कुजणारा गाळ रात्रभर ऑक्सिजन खात राहतात. सगळ्यात कमी पातळी असते ती उजाडण्याच्या जरा आधी. मासे तेव्हा मरतात.

हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण पटवून दिलं एका म्हाताऱ्या ढिवर काकांनी. आम्ही काठावर बाटल्या मांडून बसलो होतो. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दुपारी काहून येता? मासा तं पहाटंच मरते. तोंड वर काढून फिरते, मंग उलटा होते." त्यानंतर आम्ही पहाटे जायला लागलो. त्याच जागी, त्याच दिवशी, पहाटेचा आकडा लिटरला ४ मिलिग्रॅमच्या खाली आणि दुपारचा त्याच्या कितीतरी वर, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४ मिलिग्रॅम, ही केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचीच मर्यादा. म्हणजे तलाव दुपारच्या नमुन्यात पास होतो आणि पहाटे नापास. ताप रात्री चढत असेल आणि थर्मामीटर रोज दुपारीच लावला, तर रोग्याला ताप नाही असंच लिहिलं जाणार. प्रत्येक वेळी मासे तरंगले की कोणीतरी विष टाकल्याची चर्चा होते, पाण्याचा नमुना उन्हं वर आल्यावर घेतला जातो आणि त्यात काही सापडत नाही. सापडणारच नाही.

दुसरी तक्रार जागांची. कुठल्या ठिकाणी नमुना घेतला यावर नदी स्वच्छ की घाण हे ठरतं. नाग नदी अंबाझरी तलावाच्या बाजूला एक आहे, मोक्षधामजवळ दुसरी, पिवळी मिळाल्यानंतर तिसरी. केंद्रीय मंडळाने २०१८ मध्ये देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले, त्यातले ५३ महाराष्ट्रातले. २०२२ च्या यादीत देशाचा आकडा ३११ वर उतरला आणि महाराष्ट्राचा ५५ वर चढला, देशात सर्वाधिक. ही यादी जिथे मोजणी होते तिथल्याच आकड्यांवर बनते. ज्या ओढ्याकाठी, ज्या गावाजवळ कोणी बाटली भरत नाही, तो पट्टा यादीत येऊच शकत नाही. माझ्या भावाच्या गावासारखी गावं अशा न मोजलेल्या जागी बसली आहेत.

तिसरी तक्रार, मोजलेलं सांगत नाही. जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ चं कलम १७ राज्य मंडळाच्या कामांत जल प्रदूषणाची माहिती गोळा करणं आणि ती प्रसारित करणं, दोन्ही घालतं. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ सांगतं की माहिती मागण्याआधीच स्वतःहून खुली करावी. आम्हाला मात्र मिळते ती वर्षाची सरासरी आणि तिच्यापुढे एक विशेषण. सरासरीत ऑगस्टचा पूर आणि मे महिन्याचा गाळ एकत्र होतो. पावसाळ्यात पाणी वाढलं की घाण तेवढीच असूनही पातळ होते, आकडा सुधारतो. चांगला पाऊस झालेलं वर्ष आणि खरोखर सांडपाणी अडवलेलं वर्ष यांतला फरक एका वर्षाच्या आकड्यातून कळत नाही. तो कळायला त्याच जागी, त्याच पद्धतीने, प्रवाहाच्या मोजमापासह, अनेक वर्षं सलग नोंदी लागतात. अशी सलग, कोणालाही उघडून पाहता येईल अशी नोंद आज आमच्या कुठल्याच तलावाची नागरिकांच्या हाती नाही.

हे आत्ताच का महत्त्वाचं? नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनासाठी सुमारे १,९२७ कोटी रुपयांचा प्रकल्प केंद्राने मंजूर केला आहे. मलवाहिन्या, नवी शुद्धीकरण केंद्रं, सगळं हवंच आहे आणि आम्ही त्याचं मनापासून स्वागत करतो. पण आज नदी नेमकी किती आजारी आहे याची लोकांसमोर मांडलेली नोंद नसेल, तर काम झाल्यावर ती किती सुधारली हे कशावरून ठरवणार? शुद्धीकरण केंद्र किती क्षमतेचं बांधलं हे सांगणं सोपं आहे. नदीत पुन्हा मासा जगतो का, हे केवळ नदी मोजूनच कळतं.

चौथी गोष्ट थोडक्यात. तलाव आठवतात ते गणेश विसर्जनाच्या आसपास. तेव्हा नमुने होतात, फोटो येतात, कृत्रिम टाक्या लागतात, हे चांगलंच आहे. वर्षाचे उरलेले महिने नाल्यातून काय येतं ते कोण पाहतं? १८७० मध्ये बांधलेल्या अंबाझरीत जलपर्णी पसरली ती मूर्तींमुळे नाही. तिला नत्र आणि स्फुरद लागतं, ते सांडपाण्यातून येतं. अंबाझरीच्या पाणलोटात वाडीची वस्ती आणि हिंगण्याची औद्योगिक वसाहत येते, आणि तिथून येणाऱ्या प्रत्येक नाल्याचं तोंड मोजणीच्या ठिकाणांत असायला हवं.

पाचवी तक्रार अविश्वासाची, आणि तिचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

नागरिकांची तपासणी ग्राह्य नाही, असं तुम्ही म्हणता. पण याच देशात जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच महिलांना प्रशिक्षण देऊन त्यांच्या हाती पाणी तपासणीचा संच दिला जातो. पिण्याच्या पाण्यासाठी, म्हणजे चूक सगळ्यात महाग पडेल अशा ठिकाणी, सरकार गावातल्या बाईवर विश्वास टाकतं. मग नदीच्या काठावर तोच विश्वास का नाही? अमेरिकेत मिनेसोटा राज्यात १९७३ पासून सामान्य लोक आपल्या नावेतून तबकडी सोडून तलावांची पारदर्शकता नोंदवतात आणि तिथली सरकारी यंत्रणा त्या नोंदी वापरते. आपल्याच शहरात ग्रीन व्हिजिलसारख्या संस्थेचे स्वयंसेवक तलावांचं पाणी तपासत आले आहेत. आणि नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, तर १९५८ पासून नागपुरातच आहे. सांडपाण्यावर देशभर काम केलेले शास्त्रज्ञ ज्या शहरात राहतात, तिथे स्वयंसेवकांना शिकवायला माणूस मिळत नाही, हे कोणाला पटेल?

आमच्या मोजणीला मर्यादा आहेत, आणि त्या आम्हाला तुमच्याइतक्याच ठाऊक आहेत. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना जीवाणू किती ऑक्सिजन खातात ते, काढायला नमुना २७ अंशांवर ३ दिवस ठेवावा लागतो, तेवढी स्थिर तापमानाची पेटी आमच्याकडे नाही. जड धातू, कीटकनाशकं, मलजन्य जंतूंची गणना, ही कामं प्रयोगशाळेचीच. आमचे आकडे न्यायालयात पुरावा म्हणून धरा असं आम्ही कधीही म्हटलेलं नाही. आम्ही रोज काठावर असतो, तुम्ही नसता, आणि नसण्यात तुमचा दोष नाही. तुमच्याकडे माणसं कमी आहेत. पाण्याचा रंग मध्यरात्री बदलला तर तो पहिला दिसतो ढिवराला. चतुराच्या अळ्या काठावरून गायब होऊन चिखलात फक्त कमी ऑक्सिजनमध्येही तगणाऱ्या लालभडक अळ्या उरल्या, तर ते पहिलं दिसतं गळ टाकून बसणाऱ्या पोराला. जुलै २०२२ मध्ये कोराडी वीज केंद्राचा खसाळ्याचा राखबांध फुटला आणि राख कोलार, कन्हान नद्यांत गेली, तेव्हा ती आधी काठच्या लोकांच्या शेतात, विहिरीत आणि डोळ्यांसमोर होती. त्या लोकांकडे आधीच्या पाच वर्षांच्या नोंदी असत्या, तर काय गेलं आणि किती परत आलं हे भांडण न करता सांगता आलं असतं.

आमच्या मागण्या स्पष्ट लिहिते.

नमुने कुठे घेता त्या सगळ्या जागा नकाशावर जाहीर करा, प्रत्येक नमुन्याची तारीख आणि वेळ लिहा, आणि निकाल हाती आल्यापासून पंधरा दिवसांत मराठीत प्रसिद्ध करा. सरासरी नको, प्रत्येक आकडा हवा. आजवरच्या जुन्या नोंदीही त्याच तक्त्यात घाला.

पुढची किमान दहा वर्षं मोजणीच्या जागा बदलू नका. बदलणं भाग पडलं तर आधी कारण जाहीर करा आणि काही महिने जुन्या-नव्या दोन्ही जागी मोजा. या जागांत नाग, पिवळी आणि पोहरा या तिन्ही नद्या हव्यात, नाग कन्हानला मिळण्याच्या आधीची आणि नंतरची जागा हवी, आणि खालच्या अंगाच्या गावांजवळची हवी.

महिन्यातून एक नमुना पहाटे, उजाडण्याआधी घ्या. मे महिना आणि मृगाचा पहिला मोठा पाऊस चुकवू नका. वर्षभर नाल्यांत साचलेलं तेव्हा एकदम खाली येतं.

आमच्यासोबत एकाच भांड्यातलं पाणी दोन बाटल्यांत भरा. एक तुमच्या प्रयोगशाळेत जाईल, एक आम्ही काठावर तपासू. ऑक्सिजन, सामू, तापमान यांचे आकडे जुळतात का ते वर्षभर पाहा. ज्या स्वयंसेवकाचे आकडे ठरलेल्या मर्यादेबाहेर जातील त्याला पुन्हा शिकवा, तरी जमलं नाही तर वगळा. प्रशिक्षण कसं असावं आणि मर्यादा किती ठेवावी, हे नीरीने ठरवावं. तिचा निर्णय आम्हाला मान्य राहील.

मासे तरंगले, फेस आला, रंग बदलला, तर कळवायला चोवीस तास उचलला जाणारा एक दूरध्वनी द्या, आणि खबर मिळाल्यापासून सहा तासांत नमुना घेणं बंधनकारक करा. खबर देणाऱ्याला नमुन्याचा निकाल मिळालाच पाहिजे. ढिवरांच्या सहकारी संस्थांना या व्यवस्थेत मानधनासह घ्या. त्यांची पोटं या पाण्यावर आहेत आणि त्यांचे डोळे आपल्या सगळ्यांपेक्षा तयार आहेत.

नाग नदी प्रकल्पाच्या निधीतला एक ठरावीक वाटा स्वतंत्र मोजणीसाठी राखून ठेवा, बांधकाम सुरू असताना आणि संपल्यावर दहा वर्षं पुरेल इतका. ठेकेदाराने स्वतःच्या कामाची मोजणी स्वतः करू नये.

आणि शेवटचं, कुही तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांच्या विहिरींचे आणि सिंचनाच्या पाण्याचे नमुने या उन्हाळ्यात घ्या. जड धातू आणि जंतू, दोन्हींसाठी. निकाल ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. भाजी नागपूरच्याच बाजारात येते, कॉटन मार्केटला येते, तुमच्या-माझ्या घरी शिजते.

या पत्राचं उत्तर पत्रानेच द्यावं असा आग्रह नाही. पावसाळ्याआधी एक दिवस ठरवा, सगळ्या खात्यांनी एका सभागृहात बसा, दारं उघडी ठेवा आणि आम्हाला बोलवा. आम्ही आमच्या वह्या घेऊन येऊ, तुम्ही तुमच्या नोंदी आणा. त्याआधी कोणाला पहाटे काठावर यायचं असेल, तर एक बाटली तुमच्यासाठी जास्तीची आणू.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक शिक्षिका
नंदनवन परिसर, नागपूर